कुंडलिकेचं उरलेलं पॅकेज

महाराष्ट्रात वेळापत्रकानं वाहणारी नदी बघायची तर कोलाडला जावं. मुळशीच्या धरणातलं पाणी सह्याद्री उतरतं, 1927 पासून चालू असलेल्या भिऱ्याच्या वीजघरात वीज करतं आणि मग कुंडलिकेत सुटतं. ते सुटलं की राफ्टिंगच्या नावा सुटतात. पुण्याकडचा पाऊस असा सक्तीच्या बदलीवर कोकणात येतो आणि विशेष म्हणजे हजरही होतो.

पाहुणे जॅकेटं चढवून सुमारे 12 किलोमीटर किंचाळतात, फोटो काढतात, जेवतात आणि मुंबई-गोवा महामार्गाला लागतात. (चौपदरीकरण 2011 पासून चालू आहे. त्यावरचं राफ्टिंग मोफत.)

आमची तक्रार एवढीच, की सहल फार लवकर संपवतात. नदी काही कोलाडला संपत नाही. पुढे धाटावची औद्योगिक वसाहत, मग रोहा, मग खाडी, आणि शेवटी रेवदंडा-कोर्लईच्या मधून समुद्र. या उरलेल्या वाटेला कुणी तिकीट का लावत नाही?

धाटावनंतर खरं साहस नाकाला. तिथं सांडपाण्यावर प्रक्रिया करणारं सामायिक केंद्र आहे, म्हणजे कागदावर पाणी शुद्ध. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं 2018 मध्ये देशातले 351 प्रदूषित नदीपट्टे मोजले, त्यातले 53 महाराष्ट्राचे. त्यात आपली कुंडलिका आहे. राज्याचा देशात पहिला नंबर आला, तरी मिरवणूक कुणी काढली नाही.

खाडीचा स्वभाव असा की ओहोटीला गेलेलं भरतीला परत येतं. जिताड्याला ही ये-जा मानवत नाही, तो पोट वर करतो. मग कोळी मेलेले मासे घेऊन प्रदूषण मंडळाच्या कचेरीत जातात आणि साहेब पाण्याचा नमुना घ्यायला निघतात. तोवर दोन-चार भरत्या होऊन गेलेल्या. नमुना निर्दोष सुटतो. मासा मेला तो त्याच्या कर्मानं!

पॅकेजचा शेवटचा टप्पा खारबंदिस्तीचा. पूर्वी गावं जोळ काढून, सगळ्यांनी मिळून राबून, खाडीचं पाणी शेताबाहेर ठेवणारे माती-दगडाचे बांध राखत. 1979 चा खारजमीन विकास कायदा आला आणि पुष्कळ बांध सरकारी खात्याच्या यादीत गेले. आता क्रम ठरलेला आहे: उधाण, खांड, पंचनामा, अंदाजपत्रक, निविदा आणि पुन्हा उधाण. एकदा खारं पाणी शिरलं की पुढचे दोन-तीन पावसाळे भाताचं नाव काढायचं नाही. तोवर शेतात तिवरं उगवतात, आणि तिवरांना कायद्याचं संरक्षण आहे. असावंही, लाटा अडवतात बिचारी. पण शेत बुडायला कुणाची परवानगी लागली नव्हती, ते परत मिळवायला मात्र लागते. हा नियम ज्यानं जुळवून आणला त्याला आमचा नमस्कार.

सहलवाल्यांना सवड नसेल तर हा दौरा प्रदूषण मंडळानं काढावा. ओहोटीच्या वेळी निघा, शक्यतो रात्री, कारण रात्रीचं पाणी वेगळं असतं ही खाडीकाठची जुनी तक्रार आहे. नमुना कोळ्यांच्या समोर भरा आणि अहवाल मराठीत रेवदंड्याच्या बंदरावर लावा. होडी मिळेल, वल्ही मारायला माणसंही मिळतील. बाटल्या तेवढ्या रिकाम्या आणा.