लावून पाहणारी

वऱ्हाडातल्या प्रत्येक कॉलनीत एक तरी लावून पाहणारी असते. बाजारातली नवी वस्तू आधी तिच्या घरी येते, मग इतरांच्या बोलण्यात. रंग बदलणारी लिपस्टिक हे तिच्या अभ्यासाचे उत्तम साधन. कांडी हिरवी, निळी नाहीतर पारदर्शक. ओठावर मात्र गुलाबी.

अमरावतीत ती गांधी चौक ते राजकमल या पट्ट्यात आढळते, नवरात्रात विशेष. अंबादेवीच्या दर्शनाला चालले, असे ती घरी सांगते आणि ते खरेच असते. दुकाने वाटेत लागतात, याला तिचा इलाज नाही.

"ज्याचा जसा मूड, तसा रंग येते, ताई," दुकानदार सांगतो. सोबतची जाऊ विचारते, "हिरवी वं कायची लिपस्टिक?" उत्तर तयार असते: "मेंदी नाई का हिरवी रायते अन् लाल रंगते?" जाऊ गप्प बसते. लगेच पहिला प्रयोगही तिच्याच ओठांवर होतो.

यात जादू नाही. अमेरिकेत १९२० च्या दशकात 'टँगी' नावाची असलीच नारिंगी कांडी निघाली होती. इओसिनच्या कुळातला रंग मेणातेलात असेपर्यंत दडून बसतो, ओठाचा ओलावा लागला की उघडा पडतो. लाल शाईत आणि पॅथॉलॉजीच्या काचपट्ट्यांवरही इओसिनच असते. ओठ सगळ्यांचे ओलेच, म्हणून सासू, नणंद, शेजारीण, सगळ्यांना जवळपास एकच गुलाबी चढतो. मूडचा यात काही हात नाही.

लावून पाहणारीला मात्र त्या एका गुलाबीत राणी, डाळिंबी आणि जांभूळ असे तीन रंग दिसतात. गडद चढला तर नवऱ्याचा जीव जास्त, हा नियम तिने मेंदीकडून उसना घेतलेला असतो. जावेचाच रंग गडद निघाला तर नियम बदलत नाही. "दोनदा घासली असन तिनं," एवढेच ती म्हणते.

हा रंग ओठांच्या कातडीलाच धरतो आणि साबणाला दाद देत नाही, हे सहसा तेरवीला निघताना कळते. खोबरेल तेल चोळले की ओठ गुलाबी राहून वर चमकतातही. मग पदर तोंडाशी धरावा लागतो, आणि शोक अनावर झाला असे समजून कोणीतरी पाणी आणून देते.

मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की कांडी मऊ पडते. ती फ्रिजच्या दारात, लोणच्याच्या बरणीशेजारी जाते. तोवर लावून पाहणारीचे लक्ष केस सरळ करणाऱ्या कंगव्याकडे वळलेले असते. अर्धी उरलेली कांडी अकोल्याच्या बहिणीकडे पाठवली जाते, सोबत फोनवरून सूचना: "सांजच्याले कोणाची तेरवी नाई ना, हे पाहून लावजो."