ओझं उतरलं, धक्के राहिले

मागे डबल चाकं असलेला हेवी ड्यूटी पिकअप अमेरिकेत एका आकड्यावर विकला जातो: ओढतो किती? फोर्डने २०२३ च्या एफ-४५० साठी ४०,००० पौंड जाहीर केले, म्हणजे १८ टनांच्याही वर. रॅमने त्याआधी, २०१९ मध्ये, हजार पौंड-फूट टॉर्कचा डंका पिटला होता. जनरल मोटर्सही या शर्यतीत मागे नाही. कारखान्यातूनच डबल चाकांचा पिकअप द्यायला तर तिने १९७३ पासून सुरुवात केली. आकडा दर दोन-तीन वर्षांनी वाढतो आणि गिऱ्हाईक तो बघूनच चेक फाडतं.

रिकामी असताना ही गाडी कशी चालते, ते मात्र कुणी छापत नाही. आणि मालक तर ती रिकामीच जास्त चालवतो. घोड्यांचा ट्रेलर तबेल्यापाशी सुटतो आणि उरलेला आठवडा गाडी वाणसामान आणते, पोरांना शाळेत सोडते, कामावर जाते. टेक्सास-ओक्लाहोमातला भाड्याने माल ओढणारा ड्रायव्हर जाताना यंत्रसामग्री नेतो आणि परतीच्या भाड्याची वाट बघत शेकडो मैल रिकामा येतो. या मैलांवर कंबर मोडते. मालक म्हणतो, "ट्रकच आहे, चालायचंच." ते मला साफ नामंजूर आहे. रिकाम्या गाडीचे धक्के हा चोचल्यांचा विषय नाही. तो पाठीचा प्रश्न आहे आणि त्याहून आधी रस्त्यावरच्या पकडीचा.

मुळात होतं काय, ते बघू. अशा रिकाम्या गाडीच्या मागच्या एक्सलवर साधारण दीड टन वजन येतं. डिझेल इंजिन पुढे असल्यामुळे जास्त भार पुढेच असतो. या दीड टनातले चारेकशे किलो एक्सलचे आणि चार चाकांचे, म्हणजे पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) खालचे. पाट्यांवर खरं बसतं ते टनभर. आता सात टनांचा गूसनेक, म्हणजे हौद्यातच अडकवायचा, ट्रेलर जोडा. त्याच्या वजनाचा पाचवा हिस्सा मागच्या एक्सलवर धरला, तर पाट्यांवरचा भार एकदम टनाचा अडीच टन होतो. पाटे बनवलेत या अडीच टनांसाठी आणि त्याहून जास्तीसाठी. टनभर वजनाला ते दाद देत नाहीत. पाटा तोच राहिला आणि वरचं वजन अडीचपट कमी झालं, की उसळीचा वेग दीडपटीहून जास्त होतो. त्यात पाट्यांखाली चार चाकांचा आणि जाडजूड एक्सलचा गोळा थयथयत असतो, आणि त्याला दाबून धरायला वर पुरेसं वजनच नसतं. एसटीच्या शेवटच्या बाकावर बसून ज्याने घाट उतरलाय, त्याला यापुढे समजावून सांगायची गरज नाही.

कॅलिफोर्नियातले काँक्रीटचे जुने फ्रीवे या गाड्यांना विशेष छळतात. स्लॅबचे सांधे १२ ते १५ फुटांवर आले आणि गाडी ताशी ६५ मैलांनी चालली, तर सेकंदाला सहा ते आठ ठोके बसतात. उभ्या कंपनांना माणसाचं शरीर सगळ्यात हळवं असतं ते सेकंदाला चार ते आठ ठोक्यांच्या टप्प्यात. कंपनांचं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ २६३१ हेच सांगतं. म्हणजे रस्ता आणि गाडी मिळून नेमके तेच ठोके देतात, जे पाठीच्या मणक्यांना सोसवत नाहीत. युरोपने २००२ मध्ये कामगाराच्या अंगावर दिवसभरात किती कंपन यावं याची मर्यादा कायद्यात घातली. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्याकडे, म्हणजे ओशाकडे, पूर्ण शरीराच्या कंपनासाठी आजही खास मानक नाही. जगातले सगळ्यात मोठे पिकअप जिथे खपतात, तिथे हे मानक नसावं, ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

आणि पकड? खडबडीत वळणावर रिकामा मागचा एक्सल उड्या मारायला लागतो. चाक हवेत असतं त्या क्षणी ते ना वळवत, ना थांबवत. ओल्या रस्त्यावर मागचा भाग बाहेर फेकला जातो तो असा. चार टायर रस्त्याला टेकवून ठेवणं म्हणजेच आराम. या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत.

इलाज विचारला, की दुकानदार पहिल्यांदा एअरबॅगांचा खोका पुढे सरकवतो. इथेच लोक फसतात. पाटे आहेत तसे ठेवून वर हवेच्या पिशव्या बसवल्या, तर त्या ओझ्याखाली मागची बाजू बसू देत नाहीत. त्यांचं काम तेवढंच. रिकाम्या गाडीत त्या आधीच कडक असलेल्या पाट्यांवर आणखी कडकपणा चढवतात. हवेचा फायदा तेव्हाच, जेव्हा काही पाटे काढून भार हवेवर दिला जातो. रॅमने २०१४ पासून आपल्या ३५०० मॉडेलला कारखान्यातूनच मागे हवेची जोड देऊ केली. तिथे नरम पाटे आणि हवा एकत्र काम करतात. हा विचार योग्य आहे. याच डबल चाकांच्या चासीवर अमेरिकेत अ‍ॅम्ब्युलन्स बांधतात, आणि त्यांना मागे हवेचं सस्पेन्शन देण्याची पद्धत चांगली रुळलेली आहे. मोडलेल्या हाडाचा माणूस मागे असेल तर धक्का कमी करता येतो, हे सगळ्यांना मान्य आहे. मग धडधाकट माणसाने तो निमूट का खायचा?

पण तो खर्च पुढचा. पहिला इलाज टायरच्या हवेत आहे आणि तो जवळपास फुकट आहे. अशा गाडीला सर्रास दिसणारा टायर घ्या: २३५/८०आर१७, भार निर्देशांक १२०/११७. या दुसऱ्या आकड्याचा अर्थ असा, की पूर्ण हवेत, म्हणजे ८० पीएसआयला, जोडीतला एक टायर १,२८५ किलो उचलतो. मागचे चार मिळून ५,१४० किलो. रिकाम्या गाडीत त्या चौघांवर मिळून दीड टन असतं. एकेका टायरवर पावणेचारशे किलो! पूर्ण हवा भरलेला टायर एवढ्याशा वजनाने दबत नाही. तो दगडासारखा चालतो आणि मधोमध झिजतो. टायर कंपनीच्या तक्त्यात किती वजनाला किती हवा, ते स्पष्ट दिलेलं असतं. त्यात जोडीच्या टायरचा रकाना वेगळा असतो, तोच बघायचा. रिकाम्या फेऱ्यांसाठी बरेच जाणते मालक मागे ४० ते ५० च्या दरम्यान थांबतात. तक्त्यातल्या सर्वांत खालच्या आकड्याखाली मात्र कधीही जाऊ नका. आणि पुढच्या चाकांची हवा काढू नका. इंजिन तिथेच आहे. रिकाम्या गाडीतही पुढच्या टायरांना सुट्टी नसते. दारावरच्या पट्टीवर छापलेली पुढची हवा तशीच ठेवा.

यात जबाबदारी एकच, पण ती मोठी आहे. ट्रेलर जोडायच्या आधी हवा परत भरायची. कमी हवेचा टायर ओझ्याखाली तापतो आणि फाटतो. शिवाय जोडीतल्या आतल्या टायरची हवा बघायचा लोक कंटाळा करतात, कारण त्याच्या नळीपर्यंत हात पोचत नाही. आतला टायर ढिला असला तर बाहेरचा एकटा दोघांचं ओझं वाहतो आणि बाहेरून बघणाऱ्याला काहीच कळत नाही. नळी लांबवणारा चांगला धातूचा जोड बसवून घ्या आणि जोडीतल्या दोघांत एकसारखी हवा ठेवा. ज्याला हे दर वेळी जमणार नाही, त्याने हवा कमी करण्याच्या भानगडीत पडू नये.

दुसरा इलाज पाट्यांत. गाडीखाली दिवा घेऊन वाका. पाट्यांच्या थरांमधून तांबूस भुकटी बाहेर आलेली दिसली, तर ते पाटे एकमेकांना गंजाने धरून बसले आहेत. लहान खड्ड्याला ते हलतच नाहीत. सगळा पाटासंच एका सळईसारखा वागतो आणि एकट्या टायरला धक्का झेलावा लागतो. पाट्यांच्या टोकांशी प्लास्टिकच्या किंवा नायलॉनच्या चकत्या असतात; त्या झिजून गेल्या, की लोखंडावर लोखंड घासतं. संच उतरवा, गंज खरवडा, नव्या चकत्या टाका, शॅकलचे बुश बघा. हे काम केल्यावर पडणारा फरक बसल्या बसल्या कळतो, आणि नव्या एअरबॅगांच्या मानाने खर्च फार कमी. त्याच वेळी वरच्या हेल्पर पाट्याचं टोक आणि चासीवरचा त्याचा ठोकळा बघा. रिकाम्या गाडीत या दोघांमध्ये मोकळी फट हवी. रिकामेपणी ते एकमेकांना चिकटले असतील, तर ओझ्यासाठी राखलेला पाटा तुम्ही रोज विनाकारण वापरताय.

आपल्याकडे याच्या नेमकं उलट चालतं. नारायणगावाहून टोमॅटो घेऊन वाशीला निघालेला पिकअप भरून जातो आणि रिकामे क्रेट घेऊन परततो. जाताना गाडी बसू नये म्हणून मालक गॅरेजवाल्याला एक-दोन पाटे वाढवायला सांगतो. पासिंगच्या मर्यादेपलीकडे माल भरायचा हा राजरोस मार्ग आहे आणि त्याची किंमत येताना ड्रायव्हर आपल्या कमरेने फेडतो. करकर वाढली, की पाट्यांवर जळकं ऑइल मारून देतात. चार दिवस आवाज बंद राहतो. मग धूळ चिकटून चिखल होतो आणि बुशचं रबर फुगून सडतं. गंज काढून चकत्या बदलणं हाच खरा उपाय, टेक्सासात आणि जुन्नर तालुक्यातही.

शॉकअपचा नंबर तिसरा. कारखान्याचा शॉकअप भरल्या आणि रिकाम्या, दोन्ही गाड्यांना पुरावा म्हणून अधलामधला दिलेला असतो, आणि काही वर्षांत तोही थकतो. चांगला गॅसचा शॉकअप उसळी लवकर शमवतो. रँचोच्या आरएस९०००एक्सएल सारख्यात तर नऊ टप्पे असतात: रिकामी गाडी असताना नरम, ट्रेलर जोडला की कडक. दिवसातून दोन वेगळ्या गाड्या चालवणाऱ्या माणसाला हेच लागतं. पण हवा आणि पाटे न बघता महागडा शॉकअप घेणाऱ्याने पैसे पाण्यात घातले. शॉकअप उसळी थांबवतो, पाटा नरम करत नाही.

मागे वाळूची पोती टाकायचा जुना तोडगा चालतो, नाकारण्यात अर्थ नाही. दोन-अडीचशे किलो बरोबर एक्सलवर आलं, तर फरक पडतोच. पण पोती पट्ट्यांनी आवळून बांधलेली हवीत. मोकळं पोतं ब्रेक लागल्यावर पुढे येतं, आणि पुढे माणसं बसलेली असतात. शिवाय हे वजन तुम्ही डिझेल जाळून रोज फिरवणार. बर्फाच्या प्रदेशात हिवाळ्यापुरतं ठीक. बारमाही उपाय म्हणून मला तो मान्य नाही.

राहता राहिले बनवणारे. रॅमच्या काही हेवी ड्यूटी गाड्यांत हलक्या ओझ्यासाठी टायरच्या हवेची वेगळी सेटिंग मिळते. म्हणजे प्रश्न त्यांना माहीत आहे आणि उत्तरही. मग ते सगळ्यांनी, सगळ्या गाड्यांवर, दारावरच्या पट्टीवरच का छापू नये? भरलेल्या गाडीची हवा आणि रिकाम्या गाडीची हवा, दोन रकाने. छपाईचा खर्च काहीच नाही. ४०,००० पौंडांचा आकडा ठळक अक्षरांत छापणाऱ्यांना एवढी शाई परवडते.

तोवर मालकांनी एवढं करावं. अमेरिकेतल्या ट्रकस्टॉपवर कॅट स्केलचे काटे असतात. ते पुढच्या आणि मागच्या एक्सलचं वजन वेगवेगळं छापून देतात. टाकी भरलेली, ट्रेलर सोडलेला, घरची माणसं आत बसलेली, अशी गाडी एकदा त्या काट्यावर उभी करा. मागच्या एक्सलचा आकडा चाराने भागा, टायरच्या तक्त्याशी जुळवा आणि ती चिठ्ठी डॅशबोर्डच्या खणात ठेवा. एअरबॅगवाल्याच्या दुकानात त्यानंतर जा.