घाटंजीकरांची बेटनिवड

समुद्रसफरीचे जहाज एखाद्या बेटापाशी पाच-सहा तास थांबते. तेवढ्या वेळात किनाऱ्यावर काय करायचे याचे दोन-चार पर्याय प्रवाशांपुढे ठेवलेले असतात, आणि त्यांतला एक आधीच निवडून पैसे भरायचे असतात. हा बेटनिवडीचा प्रकार मूळ कॅरिबियन समुद्रातला. तिथे दर दिवशी नवे बेट आणि दर बेटावर ढीगभर सहली. घाटंजीपर्यंत तो पोचायला वेळ लागला. पण पोचल्यावर लग्नाची यादी, दिवाळीचे कापड आणि शेताची वाटणी यांच्या पंक्तीत जाऊन बसला. म्हणजे जिथे अकरा माणसांची बारा मते होतात, त्या पंक्तीत.

घाटंजी हे यवतमाळ जिल्ह्यातले तालुक्याचे गाव वाघाडी नदीच्या काठी आहे. नकाशावर पट्टी ठेवली तर पश्चिमेचा अरबी समुद्र आणि पूर्वेचा बंगालचा उपसागर, दोन्ही इथून सरळ रेषेत साधारण साडेपाचशे किलोमीटर भरतात. त्यामुळे घाटंजीकराच्या मनात कोणत्याच समुद्राविषयी पक्षपात नाही. दोन्ही सारखेच लांब. पाण्याचा अनुभव म्हणायचा तर शेतातली विहीर, पोळ्याला बैल धुवायची नदी, वाघाडीचे धरण आणि फार तर पावसाळ्यात पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा. लांब पल्ल्याच्या प्रवासाचा विक्रमही या भागात माणसाच्या नावावर नाही. शेजारच्या टिपेश्वर अभयारण्यातला एक तरणा वाघ २०१९ च्या पावसाळ्याच्या तोंडाशी निघाला आणि महाराष्ट्र-तेलंगणाची शिवारे तुडवत, तेराशेहून अधिक किलोमीटर चालून डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. सोबत कोणी नसल्याने वाटेत त्याला कुणाचे मत घ्यावे लागले नाही, हे त्याच्या यशाचे कारण धरायला हरकत नाही.

बेटनिवडीची सोय आता मुंबईतही आहे. कॉर्डेलिया कंपनीचे ‘एम्प्रेस’ हे जहाज सप्टेंबर २०२१ पासून मुंबईहून सुटू लागले; कधी गोव्याला, कधी कोचीला, कधी लक्षद्वीपला. हे जहाज वळणाने कॅरिबियनच. १९९० साली फ्रान्समध्ये बांधून झाले तेव्हा त्याचे नाव ‘नॉर्डिक एम्प्रेस’ होते, आणि मायामीहून बहामाजच्या तीन-चार रात्रींच्या फेऱ्या मारणे हे त्याचे पहिले काम. मधे नावे आणि मालक बदलले. २०१७ मध्ये ते क्यूबाच्या हवानालाही जाऊन आले. लांबी २११ मीटर, म्हणजे एस.टी.च्या अठरा-एकोणीस गाड्या एकामागे एक लावाव्यात तेवढी. हा सगळा इतिहास घाटंजीत एका वाक्यात सांगितला जातो: “थे तिकडली सेकंडहँड हाये, पण कंडिशन मस्त हाये.” जुना ट्रॅक्टर घेताना वापरायचीच ही भाषा, फक्त इथे टायर पाहता येत नाहीत.

लक्षद्वीपच्या सफरी पावसाळ्यात नसतात. घाटंजीकराचा हंगाम त्याहून आखूड: कापूस विकून पैसा हाती आल्यानंतर आणि लग्नसराई सुरू होण्याआधी. तुकडी साधारण अकराची. आजी, मोठे काकाजी व काकू, धाकटे काकाजी व काकू, आत्या, लेक, जावई आणि तीन पोरे. एस.टी.ने यवतमाळ, तिथून धामणगाव, धामणगावला संध्याकाळची मुंबईची गाडी, सकाळी मुंबई. जहाजावर तिन्ही त्रिकाळ जेवण तिकिटातच असते हे प्रत्येकाला तीनदा सांगितलेले असते. तरी चिवड्याचा डबा निघतोच. जहाज मधेच बंद पडले तर काय, या प्रश्नाला तिकीट काढून देणाऱ्यापाशीही उत्तर नसते.

आता मुक्कामाचे ठिकाण. लक्षद्वीपची ३६ बेटे आहेत, वस्ती त्यांतल्या दहांवर, आणि सगळी जमीन एकत्र केली तरी ३२ चौरस किलोमीटर. टिपेश्वर अभयारण्य १४८ चौरस किलोमीटरचे आहे. म्हणजे अख्खा केंद्रशासित प्रदेश त्यात साडेचार वेळा मावतो आणि वाघांना जागा उरते. जहाज थांबते ते अगत्ती बेटाबाहेर. बेटाभोवती प्रवाळाची भिंत आणि तिच्या आत उथळ, शांत, हिरवट-निळे पाणी असते. त्यात एवढे मोठे जहाज शिरू शकत नाही. प्रवाशांना लहान होड्यांत उतरवून धक्क्यावर नेतात. समुद्र खवळलेला असला तर उतरवतही नाहीत, आणि मग बेटनिवडीवर झालेली सगळी भांडणे फुकट जातात.

जहाजावर सहलींसाठी वेगळे टेबल असते. तिथला इंग्रजी कागद वाचायचा मान जावयाचा. हा मान वाटतो तितका साधा नाही. वाचून दाखवणारा तोच सुचवणारा समजला जातो, आणि ऊन लागले, चप्पल वाहून गेली, जेवण अळणी निघाले, तर पुढची दहा वर्षे त्याचे खापर त्याच्याच डोक्यावर. म्हणून कसलेला जावई प्रत्येक पर्याय सारख्याच निर्विकार आवाजात वाचतो आणि शेवटी म्हणतो, “मामाजी, तुम्ही म्हणान तसं.”

पर्याय साधारणपणे असे असतात. अगत्तीच्या किनाऱ्यावर दिवस घालवणे, तिथेच जेवण, आणि काचेच्या तळाच्या होडीतून प्रवाळ पाहणे. दुसरा, स्नॉर्केलिंग: डोळ्यांवर चष्मा, तोंडात नळी, आणि पाण्यावर पालथे पडून खाली बघत राहणे. होड्यांचे जमले तर तिसरा, ईशान्येकडचे बंगाराम बेट. चौथा कागदावर नसतो पण घाटंजीच्या तुकडीत त्याला हमखास दोन मते पडतात: जहाजावरच बसणे. तो फुकट आहे.

परदेशी प्रवासी यावर वाळू किती मऊ, मासे किती रंगीत, असा विचार करतात म्हणे. घाटंजीत बेटाची पारख डब्बापार्टीच्या जागेसारखी होते. सावली आहे का, संडास आहे का, चहा मिळेल का, पोरे नजरेसमोर राहतील का. समुद्राचा नंबर त्यानंतर. पहिला प्रश्न आजीचा.

“तिथं झाड हाये काय?”

“नारळाचे हायेत, आजी. मोप हायेत.”

“नारळाची सावली घेऊन का करू? थे तं खांबाएवढी पडते.”

यवतमाळच्या उन्हाळ्यात वाढलेल्या माणसाचा हा शेरा आहे, आणि तो बिनचूक आहे. बेटाची जाहिरात करणाऱ्या चित्रात नारळ नेहमी तिरपा असतो. त्याखाली अकरा माणसे बसलेली कुणी दाखवत नाही.

या टप्प्यावर ह्यूस्टनच्या पुतण्याचा व्हिडिओ कॉल येतो. जहाजावरच्या महागड्या वायफायवर तो तुटत-तुटत चालतो, पण पुतण्याने गॅल्व्हेस्टन बंदरातून मेक्सिकोच्या कोझुमेलची सफर केलेली असल्याने तुकडीत त्याचे म्हणणे तज्ज्ञाचे धरले जाते. त्याचा पहिला सल्ला खरोखर उपयोगाचा असतो: सहल जहाजाकडूनच घ्यावी, बाहेरच्याकडून घेतली आणि परतायला उशीर झाला तर जहाज थांबत नाही. “आमची एस.टी. बी थांबत नाही,” असे म्हणून मोठे काकाजी तो मान्य करतात. पुढे पुतण्या कॅरिबियनचे वर्णन करतो. बेटांची नावे घाटंजीला नवी नसतात. बार्बाडोस, जमैका ही नावे गावस्करने १९७१ च्या पदार्पणाच्या मालिकेत ७७४ धावा काढल्या तेव्हापासून रेडिओवरून घरात आलेली. फक्त तिथे मैदानाखेरीज आणखी काही असते ही माहिती नवी. अँटिग्वात ३६५ किनारे आहेत, वर्षाच्या दर दिवसाला एक, असे तिथले लोक अभिमानाने सांगतात. “मंग अधिक मासात कुठं जातेत?” हा आजीचा प्रश्न तिथल्या पर्यटन खात्याकडे अजून पोचलेला नाही. जमैकातल्या डन्स रिव्हर धबधब्यावर प्रवासी एकमेकांचे हात धरून, साखळी करून वर चढतात, हे ऐकून आत्या म्हणते की सहस्रकुंडाला असे केले तर पोलीस हाकलतील.

बहामाजचा विषय मात्र विकोपाला जातो. एग्झुमा भागातल्या एका बेटावर डुकरे पाण्यात पोहतात आणि लोक डॉलर मोजून त्यांच्याबरोबर पोहायला जातात, असे पुतण्या सांगतो. फोनवर काही क्षण शांतता पसरते. वायफाय गेले असे पुतण्याला वाटते.

“पैसे कोण देते? डुकराचा मालक का माणूस?” धाकटे काकाजी विचारतात.

“माणूस देतो, काका.”

“तू इकडं ये. फुकट दाखवतो. चार रात्री जागलीवर बस फक्त.”

रानडुकरांनी तुरीचे आणि सोयाबीनचे केलेले नुकसान या पर्यटनाच्या हिशेबात कुठे बसवायचे हे न ठरताच कॉल तुटतो.

बंगारामकडे तुकडीतले काही पुरुष झुकतात त्याला वेगळे कारण आहे. लक्षद्वीपमध्ये दारूबंदी आहे. पर्यटकांसाठी सूट आहे ती बंगारामवर. हे वाक्य कुठेही कितीही बारीक अक्षरांत छापलेले असो, ते वाचायला चष्मा लागत नाही. यवतमाळकराला या भूगोलाची सवयच आहे. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी, यवतमाळात नाही, मधे वर्धा नदी. पलीकडच्या पाहुण्याला अलीकडची ओढ का, हे त्याला सांगावे लागत नाही. ज्या जहाजावरून हा विचार चाललेला असतो त्यावर बार असतोच. तरी बंगारामचे महत्त्व कमी होत नाही. पुरुषांना तिथले सूर्योदय फार आवडतात असे कळते. सहल दुपारची असते.

मतदान होत नाही. मोठ्या काकू अगत्ती म्हणतात, कारण धाकट्या काकूंनी आधी बंगाराम म्हटलेले असते. धाकट्या काकू ते ऐकून अगत्तीच बरी म्हणतात, तेव्हा मोठ्या काकूंना जहाजावर राहावेसे वाटू लागते. आत्या कुणाकडेच नसते, पण जिकडे लेक जाईल तिकडे जाते. लेक जावयाकडे बघते आणि जावई समुद्राकडे. एकूण ही निवड बेटांमधली नसून नातेवाइकांमधली असते, आणि ती गेल्या वीस-पंचवीस वर्षांत झालेल्याच निवडीची पुढची आवृत्ती असते. दोन तुकड्या कराव्यात हा तोडगा दरवेळी निघतो आणि दरवेळी एकाच अडचणीवर फुटतो: सगळ्यांची आधार कार्डे, आजीच्या गोळ्या, चार्जर आणि चिवडा एकाच पिशवीत असतात. पिशवी मोठ्या काकूंच्या खांद्याला असते. पिशवी अगत्तीला जाते, म्हणून अकराही माणसे अगत्तीला जातात.

होडीत उतरणे हा स्वतंत्र व्यायाम आहे. जहाज वर जाते तेव्हा होडी खाली जाते. दोन्हींची गाठ पडते तेवढ्या क्षणात पाय टाकायचा. जीवरक्षक जाकिटाचे पट्टे सहावारीवरून आवळले की पदर खोचायला जागा राहत नाही. पण अगत्तीवर पोचताच घाटंजीच्या बायकांची बाजू एकदम वरचढ होते. वस्तीच्या बेटांवर अंगभर कपडे घालावेत अशी अपेक्षा असते. मुंबईहून खास खरेदी करून आलेल्या मुली टॉवेल गुंडाळून फिरतात, आणि आजीला कुणी काही सांगायला येत नाही.

काचतळाच्या होडीत सगळे कठड्यावर न बसता काचेभोवती चुलीभोवती बसावे तसे बसतात. खाली दोन-तीन पुरुष खोलीवर प्रवाळाचे गड्डे दिसतात. फुलकोबी, असे मोठ्या काकू म्हणतात. एक मोठा वाटोळा दगड मेंदूसारख्या वळ्यांचा असतो. तो अक्रोड ठरतो. वाळूवर काळी, जाड, न हलणारी समुद्रकाकडी पडलेली असते. “दोडका हाये,” असा निर्वाळा मिळतो, आणि नावाडी तो जिवंत प्राणी असल्याचे सांगतो तेव्हा आत्या पाय वर घेते, जणू काच नाहीच. मग एक पोपट मासा येतो, प्रवाळ कुरतडतो आणि मागे पांढरी भुकटी सोडून जातो. ज्या पांढऱ्याशुभ्र वाळूची छायाचित्रे जगभर जातात, तिच्यात या माशाच्या विष्ठेचा मोठा वाटा असतो, ही माहिती मिळाल्यावर तीत मांडी घालून जेवायचा बेत बदलतो.

स्नॉर्केलिंगला दोघेच तयार होतात, दोघेही विहिरीत पोहणे शिकलेले. विहिरीतला पोहणारा उडी मारतो, तळ गाठतो, पायऱ्यांकडे येतो. समुद्राला पायऱ्या नसतात, आणि एका लिटरला सुमारे ३५ ग्रॅम मीठ असल्याने अंग खाली जातही नाही. त्याहून मोठी अडचण नळीची. ती दातांत धरून तोंड बंद ठेवावे लागते. तोंडात आधीच खर्रा असतो. थुंकायला जागा पाहण्यात पंधरा मिनिटे जातात, मासे तोवर थांबत नाहीत.

परतीच्या शेवटच्या होडीची वेळ चारदा सांगितलेली असली तरी माणसे मोजावी लागतात, आणि मोजणी नेहमी दहा भरते, कारण मोजणारा स्वतःला धरत नाही. आठवण म्हणून काहीतरी न्यायचे असते. प्रवाळ उचलायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. पोरांच्या खिशातले दोन तुकडे धक्क्यावरच वाळूत परत टाकावे लागतात. मग आजी पाण्याची रिकामी बाटली काढते आणि गंगेवर भरतात तशी समुद्रावर भरून घेते. घाटंजीला पोचल्यावर त्यातले दोन थेंब देवघरात, दोन तुळशीला पडतात. तुळस दुसऱ्या दिवशी मान टाकते. उरलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवली जाते, आणि उन्हातून आलेला पहिला पाहुणा ती उघडून तोंडाला लावून गेल्यावर नववीतला मुलगा तिच्यावर पेनाने चिठ्ठी चिकटवतो: “पिऊ नये. समुद्र आहे.”