काळजीवाहू

राजकारणात काळजीवाहू सरकार निर्णय घेत नाही, नुसती खुर्ची राखतं. रायपूरच्या मराठी वस्तीत, तात्यापाऱ्यात किंवा महाराष्ट्र मंडळाच्या आसपास चौबे कॉलनीत, या पदावरचा एक गृहस्थ कायम आढळतो. सगळे त्यांना काका म्हणतात. नौतपा लागला की त्यांच्या खिशात कांदा असतो आणि हातात छत्री; कांदा उन्हासाठी, छत्री पाऊस यंदा लवकर आला तर म्हणून. घराला कुलूप लावल्यावर ते तीनदा ओढून पाहतात आणि कोपऱ्यावरून गॅस बघायला परत येतात. कॉलनीचं निदान असं, की काळजी या माणसाला पोखरते आहे. मला हे पटत नाही. पोखरला जाणारा माणूस साडेनऊला घोरत नाही. काकांनी काळजीचाच काढा करून घेतला आहे, आणि तो त्यांना मानवला आहे.

पुरावा रेल्वेचा घ्या. मुलगा पुण्यात, म्हणजे आझाद हिंद एक्सप्रेस आली आणि तिच्याबरोबर वेटिंग आलं. एकेचाळीसचं एकोणचाळीस झालं की काका चहा मागतात. दोन दिवस आकडा हललाच नाही तर गुडघ्याला तेल लावतात. पूर्वी 120 दिवस आधी आरक्षण मिळायचं, 1 नोव्हेंबर 2024 पासून ती मुदत 60 दिवसांवर आली. तारीख नेमकी छत्तीसगडच्या स्थापनेची, त्यामुळे राज्योत्सवाच्या धामधुमीत काकांची निम्मी काळजी सरकारजमा झाली हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. मुद्दा असा, की या काळजीला पीएनआर आहे. ती रोज बघता येते, तिचा आकडा खाली येतो आणि गाडी सुटायच्या आधी तिचा चार्ट लागतो. मुलगा कायमचा तिकडचाच होणार का, दोघांपैकी एकाने आधी डोळे मिटले तर दुसऱ्याचं काय, या काळज्यांचा चार्ट कुणी लावत नाही. म्हणून काका मोठ्या काळजीच्या जागी छोटी, नंबरवाली काळजी बसवतात.

ही पळवाट झाली, असं कुणी म्हणेल. असेल, पण पळवाटेलाही शास्त्र असतं. टॉमस बोर्कोवेक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1983 मध्ये सहकाऱ्यांसह एक उपाय मांडला: काळजीसाठी रोज ठरलेल्या जागी ठरलेला अर्धा तास द्यायचा, एरवी डोक्यात आली तर तिला त्या वेळेला यायला सांगायचं. काकांनी हे वाचलेलं नाही. पण तेलीबांधा तळ्याभोवतीची त्यांची संध्याकाळची फेरी याच कामी येते. (तळ्याला मरीन ड्राइव्ह म्हणायची इथे हौस आहे, समुद्र नसल्याने त्सुनामीची काळजी तेवढी वाचली.) फेरी संपेपर्यंत डेंग्यू, बँकेचं केवायसी आणि गॅसची नळी निकालात निघते. शेजारचा छत्तीसगडी सोबती दर वळणावर म्हणतो, "चिंता झन कर, सब बने हो जाही." त्याला हे म्हणणं परवडतं, कारण त्याचाही गॅस काकांनीच बघितलेला असतो.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: यातलं बहुतेक घडतच नाही, मग इतका खटाटोप कशाला? बरोबर आहे. पण न घडणं हे काका स्वतःच्या खात्यावर जमा धरतात. कुलूप फुटलं नाही, कारण ते तीनदा ओढलं होतं. हा हिशेब खोटा ठरवायचा तर एकदा कुलूप न ओढता निघावं लागेल, आणि ती जोखीम काका घेणार नाहीत. बरं, त्यांना उपदेश तरी काय करायचा? माधवराव सप्र्यांनी दासबोध हिंदीत नेला. या घरात तो दोन्ही भाषांत आहे, आणि काका दोन्ही प्रती दर महिन्याला उघडतात. वाळवी लागली आहे का, ते बघायला.

या पद्धतीत एक फट आहे, हे मात्र मान्य करायला हवं. तिकीट कन्फर्म होतं, तेव्हा काका एकदम रिकामे होतात. दशम्या बांधता बांधता काकू नेमकी तीच वेळ साधतात. "अहो, या खेपेला तरी विचाराल का त्याला? इकडे परत यायचं काय ठरलंय ते?"

काका चष्मा पुसतात आणि म्हणतात, "आपला डबा इंजिनापासून कितवा, ते बघायला हवं."