होतकरू 'दुसऱ्या आई'साठी मार्गदर्शिका

भिंतीपलीकडे स्वतःचं जग थाटायचं आणि दुसऱ्यांची मुलं त्यात ओढून आणायची, हा धंदा जुना आहे. पण त्याचं पद्धतशीर प्रशिक्षण कुठेच मिळत नाही, आणि त्यामुळे या क्षेत्रात उतरलेल्या बऱ्याच जणी पहिल्या मुलातच तोंडघशी पडतात. होतकरूंची ही अडचण ओळखून पुढील मार्गदर्शन करत आहोत. अभ्यासासाठी निवडलं आहे ते नील गेमन यांच्या २००२ सालच्या 'कोरलाइन' या कादंबरीतल्या दुसऱ्या आईचं उदाहरण. ती शेवटी हरली, हे मान्य. पण त्याआधी तिने तीन मुलं पचवली होती, आणि एवढा अनुभव गाठीशी असलेली बाई बालसाहित्यात शोधून सापडायची नाही.

आधी जागा. नव्या बांधकामाच्या भानगडीत पडू नये. एखादं अवाढव्य जुनं घर, ज्याचे पुढे तुकडे पाडून फ्लॅट केलेत, असं बघावं. वाटण्या करताना गवंडी एखादा दरवाजा विटांनी बुजवतो आणि चौकट तशीच सोडून जातो. तो दरवाजा आपला. कादंबरीतल्या कोरलाइन या मुलीच्या इंग्लंडातल्या घरात १४ दरवाजे होते. १३ उघडायचे, चौदावा दिवाणखान्याच्या कोपऱ्यात कुलूपबंद. तिच्या आईने जुनी काळी किल्ली शोधून तो उघडून दाखवला, तर मागे विटा. अशी सोय करून घ्यावी, की मोठ्या माणसाने उघडलं तर भिंत आणि मुलगी एकटी असताना उघडलं तर अंधारा बोळ. शिवाय मागे भिंतच आहे म्हटल्यावर आई पुन्हा कुलूप लावत नाही. आपला निम्मा धंदा या 'लावायचं कशाला' वर चालतो.

आता मूल कसं निवडावं. नवशिक्यांना वाटतं, छळलेलं, उपाशी मूल सोपं. तसं नाही. मार खाल्लेलं पोर ताटातलं आधी हुंगून बघतं. आपल्याला हवं ते प्रेमात वाढलेलं, पण सध्या कंटाळलेलं मूल. सुट्टी चालू, बाहेर पाऊस, आईबाप दोघेही घरातच आणि दोघेही आपापल्या कॉम्प्युटरला चिकटलेले. कोरलाइन वडिलांकडे गेली, तर त्यांनी मान न वळवता तिला घरातले दरवाजे, खिडक्या आणि निळ्या रंगाच्या वस्तू मोजायला पाठवलं. पोरीने इमानदारीत मोजलं: खिडक्या २१, निळ्या वस्तू १५३, दरवाजे १४. म्हणजे तुमच्या दुकानाचा पत्ता बापानेच तिला शोधायला लावला, तोही फुकटात. अशा बापाचे उपकार विसरू नयेत. (त्याच्याबद्दल पुढे आणखी सांगायचं आहे, आणि ते तितकंसं सुखाचं नाही.)

जेवणाला पर्याय नाही. कोरलाइनच्या वडिलांना पुस्तकात बघून स्वयंपाक करायची हौस. लीक आणि बटाट्याचा रस्सा, वर टॅरागॉनची पानं, त्यावर वितळलेलं चीज. असल्या हौशी घरातून आलेल्या मुलीपुढे सोनेरी भाजलेली कोंबडी, तळलेले बटाटे आणि हिरवे मटार ठेवले, की निम्मं काम झालं. पदार्थ साधा असावा, पण नीट शिजलेला. १९५० साली नार्नियाच्या पांढऱ्या चेटकिणीने मिठाईच मंतरून एका मुलाला गटवलं होतं, पण तो आळशी मार्ग झाला. आणि मुलीऐवजी तिच्या आईबापांना खिलवण्याची चूक तर चुकूनही करू नये. २००१ च्या 'स्पिरिटेड अवे' सिनेमात आईबाप ताव मारून डुकरं झाले आणि पोरगी उपाशीपोटी कामाला लागून सगळ्यांना पुरून उरली.

नाव बरोबर घ्यावं. खऱ्या जगातले शेजारी कोरलाइनला सारखे 'कॅरोलाइन' म्हणतात, दुरुस्त केलं तरी ऐकत नाहीत. पलीकडे तिला पहिल्याच हाकेत 'कोरलाइन' ऐकू येतं. याला पैसा पडत नाही. खोली तिच्या आवडीची, खेळणी आपोआप उडणारी, शेजारी रोज नाटक करणारे, आणि सदासर्वकाळ तिच्याकडेच लक्ष देणारी आई. पालकत्वावरच्या कुठल्याही पुस्तकाच्या कसोटीवर दुसरी आई उतरते. चांगलं जेवण देते, मुलीशी खेळते, तिचं ऐकून घेते. खरी आई दुकानात मुलीला हवे ते भडक हिरवे हातमोजेसुद्धा घेऊन देत नाही. कागदावर बघितलं तर ही स्पर्धा एकतर्फी आहे.

मग अडलं कुठे? वरवर बघणारे म्हणतील, डोळ्यांशी. डोळ्यांच्या जागी मोठी काळी बटणं, कातडी कागदासारखी पांढरी, बोटं नको तितकी लांब आणि क्षणभरही स्थिर नाहीत. रूपाबाबत थोडी सावधगिरी हवीच. या घराण्याची मूळ बाई ल्यूसी क्लिफर्ड यांच्या १८८२ च्या 'द न्यू मदर' गोष्टीतली. तिला काचेचे डोळे होते आणि लाकडी शेपूट. शेपूट ही घोडचूक, कारण ती फरशीवर आपटते आणि पोरांना लांबूनच कळतं. आपल्याकडच्या 'अलबत्या गलबत्या'तली रत्नाकर मतकरींची चेटकीण तर दिसताक्षणीच चेटकीण असते. दिलीप प्रभावळकरांसारख्या नटाने ती उभी केली की पोरं घाबरण्याऐवजी आनंदाने किंचाळतात. नाटकाला उत्तम, पण किंचाळणारं पोर दरवाजातून आत येत नाही.

पण बटणं असणं हा दोष नव्हता. दोष होता ती फार लवकर पुढे करण्यात. पहिल्याच भेटीत, नुकतीच ओळख झालेली असताना, दुसऱ्या आईने ताटली पुढे सरकवली: काळ्या दोऱ्याचं रीळ, लांब चंदेरी सुई आणि दोन बटणं. इथे कायमचं राहा, फक्त एवढं शिवून घे. लग्नाच्या बैठकीत चहा यायच्या आधी हुंड्याचा आकडा सांगावा, तसलाच हा प्रकार. मुलगी उठून घरी गेली. हेन्री सेलिक यांच्या २००९ च्या सिनेमात ही चूक सुधारलेली दिसते. तिथली आई तिसऱ्या खेपेपर्यंत कळ काढते, आधी मुलीच्या रूपाची बाहुली पाठवून घरातली बित्तंबातमी मिळवते आणि तिच्या चेहऱ्याच्या आकाराची बाग फुलवते. बाहुलीची युक्ती मूळ पुस्तकात नाही. जरूर उचलावी.

मुलगी परतली, तर तिचे आईबाप उचलून आणावेत. कायद्याची फारशी धास्ती बाळगू नये. कोरलाइनने पोलिसांना फोन करून, माझे आईवडील पळवलेत, असं सरळ सांगितलं, तर साहेबांनी तिला आईकडून गरम चॉकलेट आणि एक मिठी मागून घ्यायचा सल्ला दिला.

जगाचा विस्तार हा खर्चाचा विषय आहे. दुसऱ्या आईने काटकसर केली: घर आणि आवार नीट, पुढची झाडं जेमतेम आकाराची, त्यापुढे पांढरं धुकं, आणि धुक्यात सरळ चालत राहिलं की पुन्हा तेच घर समोर. बाहुल्यांत रमणाऱ्या मुलीला हे पुरलं असतं. कोरलाइन मात्र स्वतःला शोधक म्हणवणारी. तिने एकाच फेरीत जग संपवलं. माणसंही दुसऱ्या आईने अशीच कच्ची घडवली. दुसरे वडील स्वभावाने भिडस्त निघाले, नको तिथे बोलले, म्हणून त्यांना तळघरात टाकावं लागलं आणि तिथे ते कणकेच्या गोळ्यासारखे झाले. तिचे उंदीर त्या मानाने भरवशाचे. बोक्याला मात्र थारा देऊ नये. काळा बोका दोन्ही जगांत हवा तसा ये-जा करतो, पलीकडे आला की बोलतो, आणि कुणाचंही मीठ खात नाही. तुम्हाला मूल प्रेम करायला हवंय की खायला, असल्या शंका तोच मुलीच्या डोक्यात घालतो.

दुसऱ्या आईचं व्यसन म्हणजे खेळ. पैज म्हटलं की तिला राहवत नाही, आणि बोक्याने नेमकं तेच मुलीला सांगितलं. पैज लागली: आधीच्या तीन मुलांचे आत्मे आणि स्वतःचे आईबाप शोधून दाखव. शपथ घेताना दुसरी आई आधी स्वतःच्या आईच्या थडग्याची घ्यायला निघाली, आणि त्या थडग्यात आईला आपणच घातलं होतं हेही बोलून बसली. व्यावसायिक गुपितं अशी फोडू नयेत. मग उजव्या हाताची शपथ घेतली. तीही मोडायच्या बेतानेच, पण हाताने ती लक्षात ठेवली असावी.

आता त्या बापाबद्दल. आईबापांना सोडवायला बोळातून पुन्हा पलीकडे जाताना कोरलाइन बोक्याला एक जुनी आठवण सांगते. ती लहान असताना वडिलांबरोबर पडीक माळावर फिरायला गेली आणि गांधीलमाश्यांचं पोळं पायाखाली आलं. वडील तिला पळ म्हणाले आणि स्वतः तिथेच थांबले, म्हणजे माश्या त्यांच्यावर तुटून पडतील. तिला एक डंख झाला, वडिलांना ३९. ते त्यांनी नंतर न्हाणीघरात मोजले. पुढे त्याच दिवशी ते पडलेला चष्मा आणायला पुन्हा तिथे गेले. थांबलो तेव्हा भीती वाटलीच नव्हती, चष्म्यासाठी परत जाताना मात्र खरी भीती वाटली, असं त्यांनीच तिला सांगितलेलं. मुलीला निळ्या वस्तू मोजायला पाठवून पुन्हा स्क्रीनकडे वळणारा माणूस तो हाच.

प्रत्येक होतकरूने इथे थांबून पुढचं पान उलटायच्या आधी विचार करावा. तुम्ही कोंबडी भाजू शकता, खोली रंगवू शकता, नाव बिनचूक घेऊ शकता. ३९ डंखांची नक्कल कशी करणार? गिऱ्हाईक हेरताना घरात अशी एखादी आठवण पडून आहे का, याची चौकशी झालीच पाहिजे. मुलगी ती रोज बोलून दाखवत नाही, तिला ती आठवतेय असंही वाटत नाही, आणि नेमक्या बोळातल्या अंधारात ती बाहेर निघते. त्यानंतर तुम्ही जे देऊ कराल ते तिला नकोसं होतं. पलीकडच्या घरातल्या, वरच्या मजल्यावरच्या नकली म्हाताऱ्याने तिला हवं ते सगळं मिळेल असं आमिष दाखवलं, तेव्हा हवं ते सगळंच मिळालं तर त्यात काही अर्थ उरत नाही, असं तिने त्याला सुनावलं. एवढ्याशा पोरीचा हा हिशेब दुसऱ्या आईने मांडलाच नव्हता.

गेमन यांनी अनेकदा सांगितलंय की मुलं हे पुस्तक साहसकथा म्हणून वाचतात आणि रात्रभर जागी राहतात ती मोठी माणसं. मनुष्यबळाच्या दृष्टीने याचा सरळ अर्थ मोठी माणसं ओढून आणणं जास्त सोपं, असा होतो. पण त्यांना बाजारात उठाव नाही.

कैद केलेल्यांना फायरप्लेसच्या फळीवर, डोळ्यांसमोर ठेवू नये. बर्फाच्या काचगोळ्यात आईबाप लपवून तो तिथे मांडला, आणि मुलगी म्हणाली ते बोळात आहेत, म्हणून दरवाजा उघडून दाखवायची हौस दुसऱ्या आईला आवरली नाही. तेवढ्यात बोका तोंडावर आला, दार लागलं आणि उजवा हात मुलीच्या जगात राहून गेला.

हात एकटा गेला तरी धीर सोडू नये. किल्ली मिळवण्याइतकी अक्कल त्याला असते. फक्त बाहुल्यांचं वय कधीच उलटलेली मुलगी अचानक बाहुल्यांची भातुकली घेऊन जुन्या विहिरीकडे निघाली, चादर अंथरून तिच्या कडांवर पाणी भरलेले कप वजनाला ठेवू लागली आणि मधोमध किल्ली ठेवून मुद्दाम मोठ्याने बोलू लागली, तर त्या चादरीवर उडी मारू नये. खाली जमीन आहे की नाही, हे आधी बोटांनी चाचपून बघावं.