पडद्याआडचा पंच

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी रचलेला 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला आणि त्यातून यथावकाश डंजन मास्टर नावाची एक नवीच मनुष्यजात उदयास आली. या खेळात बाकीचे खेळाडू एकेका वीराची भूमिका घेतात, तर उरलेले सारे जग, म्हणजे राजे, राक्षस, भटारखान्यातले आचारी आणि पाऊसपाणी, हा गृहस्थ एकहाती चालवतो. नियमांचा अर्थ लावण्याचा अधिकारही त्याचाच असल्यामुळे आपण पूर्णपणे निःपक्षपाती आहोत, असा त्याचा प्रामाणिक समज असतो.

या समजाची कसोटी दलदलीत लागते. तिथे सरडेमानव राहतात, म्हणजे दोन पायांवर चालणारी, भाला वापरणारी आणि शत्रू व शिधा यांत फारसा भेद न मानणारी खवलेधारी जमात. 'डेंजर ॲट डनवॉटर' या १९८२ च्या मॉड्यूलने, म्हणजे डंजन मास्टरसाठी नकाशे व पात्रांसह छापलेल्या आराखड्याने, या जमातीला वेगळीच प्रतिष्ठा दिली: त्यात वीर ज्यांच्यावर संशय घेऊन चाल करून जातात, ते सरडेमानव प्रत्यक्षात सहुआगिन नावाच्या समुद्री राक्षसांशी लढण्यासाठी शस्त्रे जमवत असतात, त्यामुळे आधी तलवार उपसणारा आपल्या संभाव्य मित्रांचीच कत्तल करून बसतो. हे वाचल्यापासून डंजन मास्टर सरडेमानवांचे वकीलपत्र घेतो आणि त्यांच्या ड्रॅकोनिक भाषेतले फूत्कार स्नानगृहात घोटून घेतो.

त्याच दलदलीत तो वीरांच्या आधी खजिना गाठू पाहणारे एक प्रतिस्पर्धी शोधपथकही सोडतो. खेळाडू मुक्काम हलवावा की नाही यावर तासभर वाद घालत असताना हे पथक त्याच्या वहीत निमूटपणे मैलामागून मैल कापत असते. खेळाडू आपापल्या घरी झोपले असताना हा मध्यरात्री या पथकासाठी एकटाच फासे टाकतो आणि त्यांच्या हमालाला साप चावला की मनापासून हळहळतो.

प्रत्यक्ष खेळाच्या दिवशी खेळाडू खजिना विसरून त्या पथकाच्या नायकाला थेट सरडेराणीपुढे नेऊन उभे करतात आणि चिप्सची पुडी फोडून स्वस्थ बसतात. आता नायक तोच आणि राणीही तोच, त्यामुळे त्याला एकदा नाकात बोलून खंडणी नाकारावी लागते आणि लगेच फूत्कारून ती मागावी लागते. स्वतःशीच चाललेल्या या वाटाघाटी वीस मिनिटांनी फिसकटतात आणि युद्ध पेटते.

युद्धात त्याचा आधार म्हणजे पडदा, अर्थात त्याच्या टिपणांना आणि फाशांना खेळाडूंच्या नजरेपासून झाकणारा घडीचा पुठ्ठा. सरडेमानवाचा भाला एका जखमी जादूगाराच्या रोखाने येतो, वीस पैलूंचा फासा नेमका २० वर थांबतो, म्हणजे घाव जिव्हारी बसायलाच हवा; परंतु पुठ्ठ्याआडून डंजन मास्टर अत्यंत निर्विकार चेहऱ्याने "तीन. नेम हुकला" असे जाहीर करतो. वाचलेला जादूगार आभार मानण्याऐवजी, हा नेहमी सरड्यांचीच बाजू घेतो, अशी तक्रार करतो आणि सगळे टेबल त्याला दुजोरा देते. आरोप खोडून काढायचा तर पुठ्ठा उचलून फासा दाखवावा लागेल; तेव्हा डंजन मास्टर तो निमूटपणे मान्य करतो आणि पुढची पाळी कुणाची, एवढेच विचारतो.