७५२ किलोमीटरचे सोवळे

मुंबईच्या उपनगरांत नागरी जाणीव उरलेली नाही, अशी तक्रार वर्तमानपत्रांतून वरचेवर होते. ती अन्यायाची आहे. चंद्रपूरपासून मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरची, १५०० मेगावॉट वाहून आणू शकणारी उच्चदाब वाहिनी गेल्या शतकाच्या अखेरीस उभी राहिली, तेव्हापासून आपण किती शिस्तीने वागत आलो आहोत, हे कोणी लक्षातच घेत नाही. कोळसा तिकडे खणायचा, तिकडेच जाळायचा, आणि इकडे फक्त उजेड आणायचा. राख तारेतून येत नाही, खाणीचे पाणीही येत नाही. इतके कडक सोवळे पेशवाईतल्या पुण्यालाही जमले नसेल.

मुलुंड-भांडुपकर महावितरणचे ग्राहक, त्यामुळे राज्याच्या जाळ्यात मिसळणाऱ्या या विजेवर त्यांचा हक्क थेट. अंधेरी-बोरिवलीकरांची वीज कंपनी वेगळी असली, तरी त्यांनी मन खट्टू करू नये. त्यांच्यासाठी डहाणूत कोळसा जळतोच.

या व्यवस्थेत सर्वाधिक दुर्लक्षित राहिली ती बंद पडलेली खाण. चालू खाणीत पंप लावून रात्रंदिवस पाणी उपसावे लागते. कोळसा संपला की पंप उचलून नेतात आणि पाणी आपसूक वर चढू लागते. कोळशात आणि त्याच्या आजूबाजूच्या खडकात पायराइट, म्हणजे लोह आणि गंधक यांचे खनिज असते. खोदकामाने ते हवेला उघडे पडलेले असते. त्याला पाणी मिळाले की आम्ल, लोह आणि सल्फेट तयार होतात. पुढे हे पाणी फट शोधते, नाला शोधते आणि नदीला मिळते. पगार नाही, रजा नाही, वर साहेब नाही. तरी काम पिढ्यान्‌पिढ्या चालू. बंद खाणीइतका निष्ठावान नोकर कोणत्याही सरकारी खात्याला लाभलेला नाही.

चंद्रपूरकडच्या वर्धा खोऱ्यातला कोळसा तर स्वभावानेही सौम्य. त्यात गंधक कमी, म्हणून पाणी सहसा आम्लाने पोळत नाही. क्षार घेऊन जड होते, दिसायला मात्र नितळ राहते. मेघालयातली लुखा नदी हिवाळ्यात निळी होते आणि लोकांना उगाच प्रश्न पडतात. तिथल्या उंदीरबिळांसारख्या खाणींवर २०१४ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाला बंदी घालावी लागली. आपल्याकडे रंगाचा असला उथळपणा नाही. चंद्रपूरची इरई नदी मुकाट्याने वर्धेला मिळते, वर्धा प्राणहितेला, आणि प्राणहिता गोदावरीला. खाणींतून उपसलेल्या मातीचे काठावरचे ढिगारेही इरईला सोबत करतात. पावसात थोडे थोडे तिच्या पात्रात उतरून येतात. पात्र उथळ होऊन चंद्रपुरात पुराचे पाणी शिरले की लोक या ढिगाऱ्यांकडे बोट दाखवतात. लोकांना बोट दाखवायला काहीतरी लागतेच.

जुन्या खाणींना माणसांचा विसर पडतो, असेही नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसला एक राहते घर पाहता पाहता जमिनीत गडप झाले. खाली इंग्रजांच्या काळातली भुयारी खाण होती. घरातली माणसे वेळीच बाहेर पडली होती, एवढाच काय तो अपुरेपणा राहिला.

मिटलेली खाण विसरून जाण्याचे शहाणपण जर्मन लोकांना साधले नाही. त्यांनी २०१८ मध्ये दगडी कोळशाची शेवटची खाण बंद केली, आणि रिकाम्या खाणींतले पाणी कायमचे उपसत राहण्याचा खर्च भागवावा म्हणून एक संस्था २००७ मध्येच काढून ठेवली होती. कायमचे! खाण बंद करायची आणि खर्च चालू ठेवायचा, हा कसला हिशेब? आपल्याकडे वरोऱ्याची सरकारी खाण १९०६ मध्ये बंद झाली, ती खरीखुरी बंद झाली. खाण बंद करताना काय काय करावे याची मार्गदर्शक तत्त्वे केंद्राने २००९ मध्ये काढली, त्यासाठी पैसा वेगळ्या खात्यात ठेवण्याची अटही घातली. त्याआधी मिटलेल्या खाणींना मात्र या कटकटीतून वाचल्याचे समाधान आहे. त्याच २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या प्रदूषित औद्योगिक पट्ट्यांना गुण दिले. चंद्रपूरला ८३.८८ मिळाले आणि देशात चौथा क्रमांक. विदर्भावर अन्याय होतो म्हणणाऱ्यांनी ही गुणपत्रिका जरूर पाहावी.

इथल्या खाणी चालवणाऱ्या वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या, कल्पकतेलाही दाद द्यायला हवी. नागपूरजवळ पाटणसावंगीच्या खाणीतले पाणी शुद्ध करून ‘कोल नीर’ नावाने बाटलीत भरले गेले. म्हणजे खाणीचे पाणी स्वच्छ करता येते, हे सिद्धच झाले. पण तेच नदीसाठी करा म्हणणे अव्यवहार्य आहे. नदीला झाकण नसते, आणि ती सुट्टे पैसेही देत नाही.

आपल्या दारातल्या पोईसर, ओशिवरा आणि मिठी या नद्या आपण कशा ठेवल्या आहेत, ते पाहता इरईने आपल्याकडून याहून जास्त अपेक्षा धरूही नये. तरीही एखाद्या हळव्या मुलुंडकराला वाटेलच की आपण काही देणे लागतो. त्याने महावितरणचे बिल नीट वाचावे. स्थिर आकार आहे, वीज आकार आहे, वीज इथवर आणल्याबद्दल वहन आकार आहे, कोळसा महागला तर इंधन समायोजन आकार आहे. नदीचा आकार कुठेही नाही. बिल संगणकाने काढलेले असते, त्यात चूक नसावी. मुदतीत भरावे.